भरतेशनं निवडलेला कॅमशाफ्ट

नजीरभाईंनी टेबलावर जुना पेपर पसरला, त्यावर दोन कॅमशाफ्ट शेजारी शेजारी ठेवले आणि कापडाला हात पुसत मागे सरकले. दोन्ही हातभर लांब, दोन्ही तेलानं चमकणारे. मला त्यांच्यात काही फरक दिसेना.

भरतेशला दिसला. तो खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून. हात उचलून बोट दाखवणं त्याला त्या दिवसांत जमत नव्हतं. त्यानं हनुवटीनं उजवीकडचा दाखवला.

"हा."

"मला वाटलंच होतं," नजीरभाई म्हणाले, पण त्यांचा आवाज पडलेला होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नजीर शिकलगारांचं ग्राइंडिंगचं दुकान होतं. भरतेश मगदूम, माझा नवरा, फुलेवाडीला गॅरेज चालवायचा. गाड्यांच्या शर्यतींत उतरणारे लोक इंजिन बांधायला त्याच्याकडे यायचे. सांगलीहून यायचे, बेळगावहून यायचे. इंजिन भरतेशनं बांधायचं आणि त्याचा कॅम नजीरभाईंनी घासायचा, अशी त्या दोघांची लग्नाआधीपासूनची जोडी. मी शिवणकाम करायचे. त्यांच्या बोलण्यातलं मला फार कळायचं नाही, पण इतक्या वर्षांत कानावर पडून पडून थोडं कळायला लागलं होतं.

तरी त्या दिवशी मी विचारलं, की दोन्हींत नेमका फरक काय.

नजीरभाईंनी मला जवळ बोलावून दाखवलं. दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे होते. इंजिनच्या माथ्यात हा दांडा फिरतो, उंचवटे व्हॉल्व्ह दाबून उघडतात, आणि इंजिन श्वास घेतं ते त्या व्हॉल्व्हमधून. उंचवटा जेवढा उंच आणि रुंद, तेवढा व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त खोल उघडा राहतो. डावीकडच्या कॅमचे उंचवटे चांगले फुगीर होते, ते त्यांनी माझं बोट धरून फिरवल्यावर मला जाणवलं. उजवीकडचे शांत होते. कंपनीच्या कॅमपेक्षा थोडेसेच मोठे.

"हा डावा वरच्या स्पीडला लागला की गाडीला पंख फुटतात बघा," ते म्हणाले. "पण खाली त्याला दमच नाही. सिग्नलला थांबला की इंजिन थरथरतंय, खोकतंय. पाय सोडला की बंद. आणि हा उजवा गावात चालवायचा. थोडी ताकद वाढते, चढाला बरी ओढते, त्रास काही नाही."

मग ते भरतेशकडे न बघता म्हणाले, "डाव्याचं चित्र ह्यांनीच काढून दिलेलं. स्वतःच्या एस्टीम गाडीसाठी. घासून ठेवलाय कधीचा, न्यायला काही आले नाहीत."

मला ते माहीत होतं. दुसऱ्यांच्या गाड्या पळवताना भरतेशला स्वतःच्या गाडीकडे बघायला कधी सवड झाली नाही. दर दिवाळीत म्हणायचा, यंदा माझ्या इंजिनाला खरा कॅम घालतो. दर दिवाळीत कुणाचं तरी इंजिन येऊन पडायचं. आणि मग त्याच्या हातातून पाना निसटायला लागला.

आधी वाटलं, मानेची नस दबली असेल. मग अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरलं, शर्टाची बटणं लागेनात. मिरजेच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्यांनंतर आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात. हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. भरतेशनं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "इथंसुद्धा मोटरच." डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.

गॅरेज बंद केलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यानं मला गाडी शिकवली. तोवर मी स्कूटरच चालवत होते. तो शेजारी बसून सांगायचा, आणि मी फुलेवाडीच्या रिंगरोडवर क्लच सोडताना गाडी बंद पाडायचे. तो कधी चिडला नाही. आणि एक दिवस स्वतःहून म्हणाला, नजीरला सांगून एक कॅम घासून घेऊ, आपल्या गाडीत बसवू. हात तुझे, डोकं माझं.

मी इतकी खूश झाले होते. आजार कळल्यापासून त्यानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आणि आता दुकानात बसून तो हनुवटीनं तो शांत, बिनत्रासाचा कॅम दाखवत होता.

मला वाटलं, यानं हार मानली. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो कॅम हातभर अंतरावर असताना हा माणूस दुसराच उचलायला सांगतोय.

"अहो, तो नको," मी म्हटलं. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायचे, घरात नावानं. "डावा घ्या. तुमचा आहे तो."

"शहरात चालवायची गाडी आहे, त्रिशला."

"चालवणार मी आहे ना? मी सांभाळीन. पाय दाबून धरायचा एवढंच ना?"

नजीरभाईंनी डावा कॅम किंचित माझ्याकडे सरकवला. त्यांनाही तोच बसावा असं वाटत असणार. भरतेश माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. काहीतरी बोलण्यासाठी त्यानं ओठ उघडलेही. मग तो थोडासा हसला.

"बरं," म्हणाला.

निघताना नजीरभाईंनी दोन्ही कॅम कागदात गुंडाळून गाडीत ठेवले. उजवाही घेऊन जावा, असू दे घरात, असं त्यांचं म्हणणं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही काम सुरू केलं. भरतेश प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाठीला उशी, आणि मी जुना पंजाबी ड्रेस घालून बॉनेटखाली. नजीरभाई सुट्टीच्या दिवशी आले, दोघांनी मिळून इंजिनचं हेड, म्हणजे वरचा माथा, उतरवलं आणि त्यांनी ते व्हॉल्व्हच्या जाड स्प्रिंगा घालायला दुकानात नेलं, मग परत आणून दिलं. बाकी सगळं मी केलं. तो सांगायचा, आधी बॅटरीची तार काढ. पाणी काढ. पट्ट्याचं कव्हर काढ. प्रत्येक नट काढला की वाटीत ठेव, वाट्यांचा क्रम बदलू नको. स्वयंपाकघरातल्या वाट्या जेवायला उरल्या नाहीत, मग आम्ही दोघं एकाच ताटात जेवायला लागलो. नाही तरी त्याला भरवावंच लागायचं.

तो मला घाई करू द्यायचा नाही. मोठ्या कॅमनं व्हॉल्व्ह खोल उतरतो, कदाचित पिस्टनला लागेल. लागला तर सगळं इंजिन गेलं. म्हणून त्यानं मला शाळेच्या दुकानातून खेळायची रंगीत माती आणायला लावली. तिची चकती पिस्टनवर थापायची, नव्या कॅमसकट हेड बसवायचं, पान्यानं इंजिन हळूहळू हातानं फिरवायचं आणि पुन्हा उघडायचं. व्हॉल्व्ह मातीत जेवढा रुतला त्यावरून खाली जागा किती उरते ते कळतं. मी ती हिरवी चकती ब्लेडनं कापून त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"किती जाड?" त्यानं विचारलं.

"अस्तराचं कापड चार घड्या केलं की होतं तेवढं."

तो मोठ्यानं हसला. मग म्हणाला, "मोजून सांग." मी मोजून सांगितलं. जागा पुरेशी होती.

कॅम कायमचा बसवताना मी त्याच्या प्रत्येक उंचवट्याला बोटानं जाड तेल चोपडलं आणि तो कुठेही न घासता आत सरकवला. मग कॅमला फिरवणारा पट्टा. कॅमच्या चाकावरची खूण आणि खालच्या चाकावरची खूण एकमेकींशी जुळायला हव्यात, एका दाताचा फरक चालत नाही. मी खूण जुळवली, पट्टा ताणला, आणि तो म्हणाला, आता हातानं दोन पूर्ण फेरे फिरव. कुठं अडलं तर जोर लावू नको, थांब. कुठं अडलं नाही.

नवा कॅम पहिल्यांदा चालू झाला की त्याला मंद धावू द्यायचं नसतं. वीसेक मिनिटं ठराविक वेगात ठेवायचं, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना रुळतात. मी सीटवर बसून पाय धरून राहिले. शेजारच्या गच्चीवर माणसं बघायला आली. भरतेश डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सोड."

मी पाय सोडला. इंजिन खाली आलं, बंद पडेलसं वाटलं, आणि पडता पडता सावरलं. मग तो आवाज सुरू झाला. एकसारखा नाही. धडकत, लंगडत, मध्येच एक ठोका गाळून पुन्हा दोन टाकत. सगळी गाडी हिंदकळत होती. बॉनेटवर ठेवलेला पाना खाली पडला.

भरतेशच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात नव्हते. मी उतरले, ओढणीनं पुसलं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"जसा मनात होता तसा."

रविवारी सकाळी मी त्याला पुढच्या सीटवर बसवून, पट्ट्यानं घट्ट बांधून हायवेवर कागलच्या बाजूला घेऊन गेले. गावातून बाहेर पडेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. प्रत्येक चौकात एक पाय ब्रेकवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर, हँडब्रेक हातात. पण हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "तिसऱ्यात ठेव. आता दाब. आणखी. सोडू नको." आणि काटा वर चढत गेला, चढत गेला, आणि एका ठिकाणी खरंच कुणीतरी मागून उचलून फेकावं तशी गाडी सुटली. मी किंचाळले असेन. भरतेश हसत होता. लग्नानंतर कधी त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. परतताना एका धाब्यासमोर थांबून मी त्याला चहा पाजला, स्ट्रॉनं. तोवर त्याला स्ट्रॉ ओढता येत होती. मला वाटलं, मी बरोबर केलं. अजूनही वाटतं. ती सकाळ त्याला मिळायलाच हवी होती.

मग डिसेंबरात मिरजेला तपासणीसाठी जायचा दिवस आला. एव्हाना त्याचं बोलणं जड झालं होतं, शब्द एकमेकांत घुसायचे. मी भाड्याची गाडी करू का म्हटलं, तर त्यानं मान हलवली. आपली गाडी.

जाताना बरं गेलं. डॉक्टरांनी वजन केलं, तोंडाला यंत्र लावून फुंकायला सांगितलं, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, गिळताना ठसका लागेल, जपा. लागला तर पुढं वाकवा, हनुवटीला आधार द्या, घाबरू नका. मी मान डोलावली.

परतीच्या वाटेवर हातकणंगल्याच्या अलीकडे वाहतूक तुंबली. हंगाम सुरू होता. पुढं कुठंतरी उसाची ट्रॉली कलंडली होती आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर, बस, ट्रक एकमेकांत अडकले होते. आमची गाडी एका ट्रॅक्टरच्या मागं आणि एका ट्रकच्या पुढं, हातभर जागेत. ऊन चढलेलं. हात-दोन हात पुढं सरकायचं, थांबायचं. प्रत्येक वेळी इंजिन खोकायचं, मी पाय दाबून ते जागं ठेवायचे. पोटरीत गोळा आला होता. गरमीचा काटा वर जायला लागला. मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता.

तेवढ्यात भरतेशला ठसका लागला.

त्यानं काही खाल्लं-प्यायलं नव्हतं, आपलीच लाळ घशात उतरली होती. एक खोकला आला, दुसरा नीट आला नाही, आणि मग नुसता ओढल्यासारखा आवाज. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. त्याला पुढं वाकवायला दोन्ही हात हवे होते, आणि त्याच्याकडे वळायचं तर पाय काढावा लागणार होता.

मी पाय काढला. गाडीनं दोन हिसके दिले आणि ती बंद पडली.

मी त्याचा पट्टा सोडला, छातीखाली हात घालून पुढं ओढलं, दुसऱ्या तळव्यानं हनुवटी उचलून धरली. पाठीवर थापत राहिले. पुढचा ट्रॅक्टर सरकला, जागा मोकळी झाली, मागून हॉर्न, शिव्या, कुणीतरी येऊन काचेवर हात आपटला. मग त्या माणसानं आत बघितलं आणि तो गप्प झाला. त्यानंच मागच्यांना थांबवलं. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी भरतेशच्या घशातून काहीतरी सुटलं, आणि हवा आत जाण्याचा आवाज आला.

गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसती घरघर, पेट्रोलचा उग्र वास. दोघातिघांनी ती ढकलून एका बंद टपरीच्या सावलीला लावून दिली आणि पाण्याची बाटली ठेवून गेले. मी त्याचं तोंड पुसलं, मान सीटला टेकवली. आम्ही तसेच बसून राहिलो. रस्ता मोकळा झाला, उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जात राहिले.

"तो… दुसरा," भरतेश म्हणाला. "बसव."

"नाही," मी म्हटलं. "आज नशीब वाईट होतं. तुला इतकी वर्षं हाच हवा होता."

"मला." त्यानं दम घेतला. "गाडी… तुझी."

त्याचा एकेक शब्द तुटून येत होता, पण मला सगळं समजत होतं. इतक्या दिवसांत दुसऱ्या कुणाला समजत नव्हतं तेव्हाही मला समजायचं.

"मी आहे… तोवर या फेऱ्या," तो म्हणाला. "मग तू एकटी. कुठं… गर्दीत बंद पडली. रात्री-अपरात्री. शेजारी कोण असणार?"

आजार कळल्यापासून आमच्या घरात आम्ही 'नंतर' हा शब्द काढला नव्हता. उद्याचं बोलायचो, फार तर येत्या आठवड्याचं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुढचं बोलायला तसं निमित्तही नव्हतं. दुकानात तो हनुवटीनं उजवा कॅम दाखवत होता तेव्हा त्यानं हार मानली असं मला वाटलं होतं. आणि तो तिथं बसून मी एकटीनं चालवायच्या गाडीचं इंजिन निवडत होता.

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत होता, दुकानात बघितलं होतं तसंच.

"तुला… ऐकायचं नव्हतं," तो म्हणाला.

मग मी रडले. इतके दिवस त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलेलं, ते सगळं त्या टपरीच्या सावलीत मोडलं. हात त्याला टाकता येत नव्हता, म्हणून त्यानं हळूहळू डोकं कलतं करून माझ्या खांद्याला लावलं. बऱ्याच वेळानं मी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

उजवा कॅम बसवायला घेतला तोवर संक्रांत होऊन गेली होती आणि भरतेशचं बोलणं जवळजवळ गेलं होतं. होयला पापण्या एकदा, नाहीला दोनदा, असं आम्ही ठरवलं होतं. नजीरभाई म्हणाले, मी येतो, दुपारभराचं काम आहे. मी त्यांना नको म्हटलं. या वेळी हेड उतरवायची गरज नव्हती, कॅम बाजूनं ओढून काढता येत होता.

मी प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मोठ्यानं सांगायचे आणि त्याच्याकडे बघायचे. आता बॅटरीची तार काढते. पापणी एकदा. आता डिस्ट्रिब्युटर, आधी खूण करून ठेवते. एकदा. आता रॉकरचे स्क्रू सैल करते. एकदा. सकाळभर असं चाललं. तो मोठा कॅम बाहेर काढला तेव्हा मी तो त्याच्या मांडीवर, त्याच्या हातांखाली ठेवला. त्याला स्पर्श कळत होता, कळणं कधीच गेलं नाही. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग पापणी हलली आणि मी कॅम उचलून गुंडाळून ठेवला.

दुपारी मी पट्टा चढवताना एका दातानं चुकले. चढवून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं, खुणा किंचित तिरक्या दिसत होत्या. मी वळून त्याला म्हटलं, चुकलं ना रे, बोलला का नाहीस, आणि मग स्वतःच्या शब्दांनी शरमले. त्याच्या डोळ्यांत मात्र हसू होतं. त्यानं बघितलं होतं. मला कळतंय का, एवढंच तो बघत होता. मी पट्टा उतरवून पुन्हा चढवला, हातानं दोन फेरे फिरवले. त्यानंतर मी सांगत राहिले, पण त्याच्याकडे वळून बघायचं हळूहळू कमी झालं.

सुरू केल्यावर पुन्हा तेच. पाय धरून बसायचं, कॅम रुळू द्यायचा. शेडबाहेर ऊन कलत होतं. वेळ झाली तसं मी अंदाजानंच पाय सोडला. इंजिन खाली आलं आणि एका जागी येऊन थांबलं. ना खोकला, ना थरथर. नुसती एक सलग, बारीक गुणगुण.

मी दार उघडून बाहेर वाकले. भरतेशची मान उशीवर कलली होती. धावत जाऊन नाकाशी हात धरला. तो झोपला होता. चालू इंजिनशेजारी कधी त्याचा डोळा लागला नव्हता; कुणाच्याही गाडीचा आवाज आला की तो कान टवकारून बसायचा, रस्त्यावरून गेली तरी. त्या दिवशी त्याला ऐकायचं काही उरलं नव्हतं. मी इंजिन तसंच चालू ठेवून त्याच्या अंगावर शाल टाकली.

त्यानंतर मिरजेच्या आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. शेवटची श्रावणात. तीन दिवस तो तिथं होता. चौथ्या दिवशी सकाळी गेला.

रुग्णवाहिका केली. धाकटे दीर आले होते, नजीरभाई आले होते. दीर म्हणाले, वहिनी, तुम्ही आत बसा त्याच्याजवळ, गाडी कुणीतरी आणेल. रीत तीच होती. मी म्हटलं, तुम्ही बसा भावाजवळ. मी मागून येते. ते काही म्हणणार होते, पण नजीरभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि स्वतः माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले.

चालकानं रुग्णवाहिका अगदी हळू घेतली. अंकलीचा पूल, जयसिंगपूर, हातकणंगले. पाऊस भुरभुरत होता. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मागून जात राहिले. गावं आली की थांबायला व्हायचं, आम्ही थांबायचो, निघायचो. नजीरभाई एकदा डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून बसलेले दिसले. ऐकत होते.

घरासमोर माणसं जमली होती. रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडलं, दीर उतरले, चार जण पुढं झाले. दिरांकडे राहणाऱ्या सासूबाईंचा हंबरडा ऐकू आला. मी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. पाय दोन्ही खाली टेकलेले, ॲक्सिलरेटरवर काही नव्हतं, आणि इंजिन आपलं आपण चाललं होतं.

नजीरभाईंनी चावीकडे हात नेला. "बंद करू, वहिनी?"

"राहू द्या," मी म्हटलं. "थोडा वेळ."